संगणकाविना संगणकशास्त्र : १९८५ चा एक राष्ट्रव्यापी प्रयोग

१/
सप्टेंबर १९८५. सोव्हिएत संघातील शाळांचे नवे वर्ष सुरू झाले, तेव्हा नववी आणि दहावीच्या वेळापत्रकात एका नव्या विषयाची भर पडलेली होती : 'माहितीशास्त्र आणि संगणन-तंत्राची मूलतत्त्वे'. बाल्टिक समुद्रापासून पॅसिफिक महासागरापर्यंत, पंधराही प्रजासत्ताकांत, हा विषय सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा होता. पाठ्यपुस्तक तयार होते, तासिका ठरल्या होत्या, शिक्षक नेमले गेले होते. उणीव एकाच गोष्टीची होती. बहुसंख्य शाळांत संगणकच नव्हता.

२/
वरवर पाहता हा प्रकार हास्यास्पद वाटतो. पाण्यात न उतरता पोहायला शिकवावे, तसा. परंतु या प्रयोगामागे त्या काळातील एक अत्यंत समर्थ संगणकतज्ज्ञ उभा होता, आणि त्याची भूमिका विचारपूर्वक घेतलेली होती. शाळेत 'संगणक' शिकवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे, यंत्र हाताळणे की विचाराची एक रीत? आणि ते कोणाला शिकवायचे, निवडक मुलांना की सर्वांना? हे दोन प्रश्न या प्रयोगाने जितके उघड केले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असतील.

३/
या कथेची पूर्वपीठिका अमेरिकेत आहे. १ मे १९६४ रोजी डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणितज्ञांनी रचलेल्या 'बेसिक' या भाषेत पहिल्यांदा प्रोग्राम चालले. विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यालाही प्रोग्रामिंग करता यावे, हा या भाषेचा हेतू होता. एकाच मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याची व्यवस्थाही त्यांनी उभारली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिफोनच्या तारांवरून न्यू इंग्लंडमधील अनेक माध्यमिक शाळा या यंत्रणेला जोडल्या गेल्या. शाळेत टंकयंत्रासारखे एक टेलिटाइप असे, संगणक मात्र दूर महाविद्यालयात.

४/
१९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा घडवली. पॅपर्ट यांचे म्हणणे असे की, संगणकाने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावे. एखादी गोष्ट यंत्राला समजेल इतक्या काटेकोरपणे सांगताना मूल स्वतःच्या विचारांकडे पाहू लागते. विचार मोलाचा होता. पण अमेरिकेत शिक्षणाचा कारभार राज्यांकडे आणि स्थानिक मंडळांकडे असल्याने तो देशभर एकसारखा पोहोचणे शक्य नव्हते. कोणत्या मुलाला संगणक भेटेल, हे बहुतांशी ते कोणत्या गावात जन्मले यावर ठरत होते.

५/
आता सैबेरियात जाऊ. नोवोसिबिर्स्क शहरालगत १९५७ पासून 'अकादेमगोरोदोक' ही वैज्ञानिकांची वसाहत उभी राहत होती. तेथील संगणन केंद्रात आंद्रेई येर्शोव्ह काम करत. जन्म १९३१, मॉस्को. 'बेसम' या सोव्हिएत संगणकासाठी लिहिलेल्या त्यांच्या कंपायलरवरील पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या विषयावरील जगातील आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. शीतयुद्धाच्या ऐन काळात दोन्ही बाजूंच्या संगणकतज्ज्ञांशी संवाद असलेल्या मोजक्या सोव्हिएत वैज्ञानिकांत येर्शोव्ह होते.

६/
सत्तरच्या दशकात त्यांचे लक्ष शाळकरी मुलांकडे वळले. १९७६ पासून अकादेमगोरोदोकमध्ये तरुण प्रोग्रामरांची उन्हाळी शाळा भरू लागली. खार्किव्हहून आलेला गेन्नादी झ्वेनिगोरोद्स्की हा तरुण शिक्षक या कामाचा प्राण होता. लहान मुलांसाठी 'रोबिक' आणि मोठ्या मुलांसाठी 'रापिरा' अशा दोन भाषा त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी घडवल्या. दोन्हींतील आज्ञा रशियन शब्दांत होत्या. दहा वर्षांच्या मुलाने आधी इंग्रजी शब्द घोकावेत आणि मग विचार करायला बसावे, हे या गटाला मान्य नव्हते.

७/
सर्वांना सैबेरियात बोलावणे अर्थातच अशक्य होते. म्हणून १९७९ पासून 'क्वांत' या विद्यार्थ्यांच्या गणित-भौतिकशास्त्र मासिकातून पत्राद्वारे प्रोग्रामिंगची शाळा चालवण्यात आली. मासिकात पाठ आणि उदाहरणे छापली जात. दूरदूरची मुले वहीत प्रोग्राम लिहून टपालाने नोवोसिबिर्स्कला धाडत. संगणक कधीही न पाहिलेले मूल प्रोग्राम लिहू शकते, हा अनुभव येर्शोव्ह यांच्या गटाने अशा रीतीने पदरी बांधला होता. सहा वर्षांनंतर जे देशभर घडणार होते, त्याची ही रंगीत तालीम म्हणता येईल.

८/
त्याच वर्षीची आणखी एक घटना नोंदवण्यासारखी आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये येर्शोव्ह आणि अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या पुढाकाराने उझबेकिस्तानातील उर्गेंच येथे एक परिसंवाद भरला. विषय होता अल्गोरिदम. स्थळ मुद्दाम निवडलेले होते. उर्गेंच म्हणजे ख्वारिज्मचा प्रदेश, नवव्या शतकातील गणिती अल् ख्वारिज्मी याची भूमी. भारतीय अंकपद्धतीने गणित कसे करावे हे त्याने ग्रंथ लिहून अरबी जगाला सांगितले, आणि त्याच्या नावाच्या लॅटिन रूपातूनच 'अल्गोरिदम' हा शब्द आला. संगणकाच्या हजारभर वर्षे आधी अल्गोरिदम अस्तित्वात होता, ही जाणीव येर्शोव्ह यांच्या पुढच्या भूमिकेच्या मुळाशी आहे.

९/
१९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे शिक्षणातील संगणकाविषयीची जागतिक परिषद भरली. तेथे येर्शोव्ह यांनी जे भाषण केले, त्याचे शीर्षक पुढे घोषवाक्य बनले : 'प्रोग्रामिंग, दुसरी साक्षरता'. त्यांचा युक्तिवाद इतिहासावर उभा होता. छपाईच्या शोधापूर्वी लिहिणे-वाचणे ही लेखनिकांची कला होती. मुद्रणयंत्र आले, पुस्तके स्वस्त झाली आणि कालांतराने साक्षरता ही प्रत्येकाची गरज ठरली. संगणकाच्या प्रसाराबरोबर प्रोग्रामिंगचेही तसेच होईल, असे त्यांचे भाकीत होते.

१०/
येथे एक शंका स्वाभाविक होती : प्रत्येकाने प्रोग्रामर होण्याची गरज काय? पण साक्षरतेच्या उपमेतच तिचे उत्तर दडलेले आहे. लिहायला शिकलेला प्रत्येक जण लेखक होत नाही. तरीही लिहिता येणे त्याचे आयुष्य बदलते. येर्शोव्ह यांच्या मते माणूस मुळातच प्रोग्रामांच्या जगात राहतो. दिवसाचे नियोजन, कामाचा क्रम, अपेक्षित ते न घडल्यास काय करायचे याची तरतूद, या सर्वांत प्रोग्राम आहे. कृती करण्यापूर्वी तिचा आराखडा नेमका मांडता येणे, हीच त्यांची दुसरी साक्षरता होती.

११/
एप्रिल १९८४ मध्ये सोव्हिएत नेतृत्वाने शालेय शिक्षणाच्या सुधारणेची मोठी योजना मंजूर केली. विद्यार्थ्यांना संगणनाचे ज्ञान देण्याचा मुद्दा तिच्यात होता. ११ मार्च १९८५ रोजी मिखाईल गोर्बाचेव्ह पक्षाचे सरचिटणीस झाले आणि त्यानंतर सतराव्या दिवशी, २८ मार्च रोजी, पक्षाची केंद्रीय समिती आणि मंत्रिमंडळ यांनी संगणक-साक्षरतेचा ठराव काढला. सप्टेंबरपासून देशभरातील नववी-दहावीत नवा विषय सुरू करायचा होता. हाती उरले होते जेमतेम पाच महिने.

१२/
यंत्रांची स्थिती बिकट होती. नियोजित अर्थव्यवस्थेत इलेक्ट्रॉनिक्सवर पहिला हक्क संरक्षण उद्योगाचा असे. पाश्चात्त्य देशांनी संगणकांच्या निर्यातीवर निर्बंध घातलेले होते. 'आगात' हा अॅपल-२ च्या धर्तीवरचा देशी संगणक थोड्या संख्येने बनत होता. 'बीके-००१०' हा घरगुती संगणक नुकताच बाजारात येत होता आणि त्याची किंमत ६५० रूबल होती. देशातील प्रत्येक माध्यमिक शाळेला पुरतील इतकी यंत्रे काही वर्षांत तरी मिळणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते.

१३/
अशा वेळी दोन मार्ग होते. यंत्रे येईपर्यंत थांबायचे, आणि तोवर मोठ्या शहरांतल्या निवडक शाळांत विषय चालवायचा. किंवा यंत्रांशिवाय सर्वत्र एकदमच आरंभ करायचा. सोव्हिएत संघाने दुसरा मार्ग धरला. येर्शोव्ह आणि शिक्षणतज्ज्ञ वादिम मोनाखोव्ह यांच्या संपादनाखाली पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग १९८५ मध्ये आणि दुसरा १९८६ मध्ये निघाला. वर्गात संगणक नसला तरी शिकवता येईल, अशीच या पुस्तकाची रचना होती. या पद्धतीला तेव्हापासून 'यंत्रविरहित' शिक्षण असेच नाव पडले.

१४/
या पुस्तकाचा कणा म्हणजे त्यासाठी सिद्ध केलेली 'अल्गोरिदमिक भाषा'. ती प्रथमतः कोणत्याही यंत्रासाठी नव्हती. ती कागदासाठी होती. 'आरंभ', 'शेवट', 'जर', 'तर', 'अन्यथा', 'जोवर' या अर्थांचे रशियन शब्द, काही पूर्ण तर काही संक्षिप्त रूपात, तिच्यात वापरले होते. वाक्यरचना इतकी सुबोध की, वाचणाऱ्याला ती जवळजवळ बोलण्यासारखी वाटावी. आणि नियम इतके काटेकोर की, एकाही ओळीचे दोन अर्थ निघू नयेत. मॉस्को विद्यापीठातील अनातोली कुश्निरेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अध्यापनातून आलेल्या कल्पनांचा या भाषेला आधार होता.

१५/
यंत्राविना तासिका कशी चालत असेल, हे एका जुन्या उदाहरणाने समजून घेता येईल. युक्लिडची मसावि काढण्याची रीत घ्या. दोन संख्या आहेत, अ आणि ब. त्या समान नाहीत तोवर मोठीतून लहान वजा करत जायचे. अ = ४८, ब = ३६ असेल, तर विद्यार्थी वहीत दोन स्तंभांचा तक्ता आखतो. पहिल्या पायरीनंतर अ = १२, ब = ३६. दुसरीनंतर ब = २४. तिसरीनंतर ब = १२. दोन्ही समान झाल्या, मसावि १२. येथे विद्यार्थी स्वतःच संगणक झालेला असतो.

१६/
या साध्या तक्त्यात पुष्कळ काही सामावलेले आहे. 'अ' या नावाखालील किंमत बदलत जाते, म्हणजे 'चल' ही कल्पना. तीच कृती पुन्हा पुन्हा होते, म्हणजे 'आवर्तन'. कोणती संख्या मोठी हे पाहून निर्णय घेतला जातो, म्हणजे 'अट'. आणि ही क्रिया कधीतरी थांबणार की नाही, हा प्रश्न तर थेट गणिताच्या गाभ्याशी नेतो. चूक झाली, तर दोष यंत्रावर ढकलता येत नाही. कोणत्या ओळीत विचार निसटला, ते बोट ठेवून दाखवावे लागते.

१७/
अर्थात हे सगळे वर्गात उतरवायचे होते शिक्षकांनी. १९८५ च्या उन्हाळ्यात गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना घाईने प्रशिक्षण देण्यात आले. त्यांतील अनेकांचा संगणकाशी पूर्वी संबंध आलेला नव्हता. काही ठिकाणी प्रोग्राम करता येणारे खिशातील गणकयंत्र, 'इलेक्ट्रॉनिका बी३-३४' किंवा तिच्या पुढच्या आवृत्त्या, हेच संगणकाचे काम करत. काही शाळांना कारखान्याच्या वा संस्थेच्या संगणन केंद्रात जाण्याची मुभा मिळे. १९८६ मध्ये 'माहितीशास्त्र आणि शिक्षण' हे मासिक सुरू झाले आणि शिक्षकांना परस्परांचे अनुभव कळण्याची एक वाट खुली झाली.

१८/
या प्रयोगाचे दोष झाकण्यासारखे नाहीत. ज्या शिक्षकाला विषय उमगला नव्हता, त्याच्या वर्गात अल्गोरिदम म्हणजे पाठ करण्याची आणखी एक व्याख्या झाली. आपण लिहिलेला प्रोग्राम पडद्यावर धावताना पाहण्याचा जो आनंद असतो, तो फळा आणि खडू देऊ शकत नव्हते. यंत्र चूक तत्काळ दाखवते. पस्तीस वह्या तपासणारा शिक्षक तसे करू शकत नाही. शिवाय आठवड्याला एकाच तासिकेत किती शिकवून होणार, हाही प्रश्न होताच.

१९/
पुढे यंत्रे येऊ लागली. जपानहून 'यामाहा'चे संच आयात झाले. मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी विकसित केलेला 'कोर्व्हेत' आणि खास शाळांसाठीचा 'यूकेएनसी' हे देशी संगणक उत्पादनात आले. शिक्षकाच्या एका यंत्राला विद्यार्थ्यांची यंत्रे जोडलेला 'वर्ग-संच' अशी त्यांची मांडणी असे. पण एका शाळेत यामाहा, दुसरीत बीके, तिसरीत काहीच नाही, अशी सरमिसळ झाली. एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. कागदावरची अल्गोरिदमिक भाषा मात्र सर्व शाळांत एकच होती. त्या गोंधळात विषयाला एकसंध ठेवण्यात या भाषेचा वाटा मोठा होता.

२०/
याच सुमारास भारतातही एक प्रयोग सुरू होता. १९८४-८५ मध्ये केंद्राचे शिक्षण मंत्रालय आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी एनसीईआरटीच्या सहकार्याने 'क्लास' प्रकल्प हाती घेतला. शाळांमधील संगणक-साक्षरता आणि अध्ययन असा त्या नावाचा विस्तार होता. आरंभी सुमारे २५० शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांना ब्रिटनचा 'बीबीसी मायक्रो' हा संगणक देण्यात आला. पुढे या यंत्राची भारतीय आवृत्तीही मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने 'युनिकॉर्न' या नावाने काढली.

२१/
'क्लास' प्रकल्पाची स्थिती सोव्हिएत प्रयोगाच्या नेमकी उलट होती. येथे यंत्र होते, पण वेळापत्रकात विषयाचे स्थान पक्के नव्हते. भर संगणकाची ओळख करून देण्यावर होता. परीक्षेच्या रोजच्या अभ्यासाशी त्याचा सांधा जुळलेला नव्हता. सॉफ्टवेअर मुख्यतः इंग्रजीत. मराठी, तमिळ किंवा ओडिया माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे यंत्राच्या आधी भाषेची भिंत उभी होती. १९९३-९४ मध्ये प्रकल्पाचे स्वरूप बदलून नव्या पीसी यंत्रांवर तो चालवण्यात आला आणि २००४ पासून शाळांसाठीची आयसीटी योजना आली.

२२/
निवडक शाळांपासून आरंभ करावा आणि लाभ हळूहळू खाली पोहोचेल असे मानावे, ही भूमिका महाराष्ट्राच्या इतिहासाला परिचित आहे. ब्रिटिश काळात तिला 'झिरप सिद्धांत' म्हणत : वरच्या वर्गाला शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या धोरणावर कठोर टीका केली आणि किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. पहिल्या साक्षरतेविषयीचा तो वाद शंभर वर्षांनी दुसऱ्या साक्षरतेच्या वेळी पुन्हा उभा राहिला, इतकेच.

२३/
मग ज्या देशाजवळ यंत्रेही होती आणि विषयही होता, त्याचे काय झाले? बीबीसी मायक्रो ज्या ब्रिटनमध्ये जन्मला, तेथे जानेवारी १९८२ पासून बीबीसीने दूरचित्रवाणीवर संगणक-साक्षरतेची मालिका दाखवली. शाळेने संगणक घेतला, तर निम्मी किंमत सरकार भरत असे. यंत्र सुरू करताच पडद्यावर बेसिक भाषा आज्ञेची वाट पाहत असे. म्हणजे काही करायचे, तर प्रोग्राम लिहिण्यापासूनच सुरुवात. त्या पिढीतून ब्रिटनला अनेक उत्तम प्रोग्रामर मिळाले.

२४/
नव्वदच्या दशकात तयार सॉफ्टवेअर मुबलक झाले आणि ब्रिटिश शाळांतील विषय हळूहळू बदलला. प्रोग्रामिंगची जागा पत्र टंकणे, तक्ते भरणे आणि सादरीकरण बनवणे यांनी घेतली. यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी शक्तिमान झाली होती. विषय मात्र आतून पोकळ होत गेला. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने या अवस्थेवर कडक अहवाल दिला. त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना अभ्यासक्रम कंटाळवाणा ठरवून मोडीत काढण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये पाचव्या वर्षापासूनच अल्गोरिदम शिकवणारा 'संगणन' हा विषय आला.

२५/
अमेरिकेत १९८४ मध्ये पास्कल भाषेवर आधारित 'एपी' परीक्षा सुरू झाली. माध्यमिक शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचे संगणकशास्त्र शिकण्याची ती संधी होती. पुढे पास्कलच्या जागी सी प्लस प्लस आणि मग जावा आली. परंतु विषय ऐच्छिक राहिला. संशोधक जेन मार्गोलिस यांनी लॉस एंजेलिसमधील तीन माध्यमिक शाळांचा अभ्यास करून २००८ मध्ये दाखवून दिले की, वर्गात संगणक असूनही कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा टंकनासारखी वरवरची कौशल्येच येत होती. यंत्र समोर आले म्हणजे ज्ञान वाट्याला आले, असे तेथेही झाले नाही.

२६/
येर्शोव्ह यांना आपल्या प्रयोगाची परिणती पाहता आली नाही. ८ डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. झ्वेनिगोरोद्स्की तर विषय सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, अवघ्या बत्तिशीत गेला होता. १९९० मध्ये कुश्निरेन्को यांच्या गटाचे नवे पाठ्यपुस्तक आले. चौकटींच्या पटावर फिरणारा 'रोबोट' त्यातून मुलांच्या परिचयाचा झाला. ज्या भाषेचा आरंभ कागदावर झाला, ती पुढे 'कुमिर' या प्रणालीच्या रूपाने संगणकावर धावू लागली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, पण माहितीशास्त्र हा विषय रशियाच्या शाळांत टिकला.

२७/
या सुमारासच शालेय माहितीशास्त्राने देशांच्या सीमा ओलांडल्या. १९८९ मध्ये बल्गेरियातील प्राव्हेत्स येथे पहिले आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाड झाले. दुसरे १९९० मध्ये सोव्हिएत संघातील मिन्स्क येथे भरले. आणि नव्वदच्या दशकात न्यूझीलंडच्या टिम बेल, इयन विटन आणि त्यांचे सहकारी माइक फेलोज यांनी पत्ते, दोऱ्या आणि खडूने आखलेले पट वापरून संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत विकसित केली. सोव्हिएत शिक्षकाने जे नाइलाजाने केले, ते या मंडळींनी यंत्रे उपलब्ध असताना, शिकवण्याची चांगली रीत म्हणून स्वखुशीने निवडले.

२८/
महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयातील 'कॉम्प्युटर सायन्स' हा द्विलक्ष्यी विषय कित्येक वर्षे सी प्लस प्लस आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकवत आला आहे. पण तो विज्ञान शाखेतील, प्रवेश मिळालेल्या मुलांपुरता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने इयत्ता सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगचा समावेश सुचवला आहे. म्हणजे १९८५ चा प्रश्न आता भारतातील लक्षावधी वर्गांपुढे आहे, आणि त्यांतील कित्येक वर्गांत यंत्रे आजही अपुरी आहेत.

२९/
त्या वर्गांसाठी सोव्हिएत प्रयोगाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. यंत्राविना दिलेले शिक्षण अपुरे होते. विद्यार्थ्याला ते पूर्ण समाधान देऊ शकले नाही, आणि अप्रशिक्षित शिक्षकाच्या हाती ते निर्जीवही झाले. परंतु दुर्गम खेड्यातील मुलीला आणि मॉस्कोतील मुलाला एकाच वर्षी, एकच पुस्तक मिळाले, आणि त्यात बटणे दाबण्याची माहिती नसून विचार मांडण्याची रीत होती. आगात, कोर्व्हेत आणि बीबीसी मायक्रो आज संग्रहालयात आहेत. ४८ आणि ३६ यांचा तो दोन स्तंभांचा तक्ता मात्र आजही कोणत्याही वर्गात, एका खडूवर, आखता येतो.